एमओएल कम्फर्ट : तळाच्या एका प्लेटवरचे दोन हिशेब

१७ जून २०१३ रोजी, नैऋत्य मोसमी वारे ऐन भरात असताना, ‘एमओएल कम्फर्ट’ हे कंटेनर जहाज अरबी समुद्रात मधोमध मोडले. सिंगापूरहून जेद्दाहकडे निघालेल्या या जहाजावर त्या वेळी ४,३८२ कंटेनर आणि २६ खलाशी होते. जागा होती येमेनच्या पूर्वेला, साधारण १२.५ अंश उत्तर अक्षांश आणि ६० अंश पूर्व रेखांशाच्या परिसरात. समुद्र खवळलेला होता आणि लाटा साडेपाच मीटरच्या आसपास होत्या, पण ३१६ मीटर लांबीच्या जहाजाने धास्ती घ्यावी असा तो समुद्र नव्हता. जून-जुलैत आपल्याकडे मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवलेल्या असतात. त्याच दिवसांत ही जहाजे ठरल्या वेळापत्रकाने हाच समुद्र पार करत असतात आणि त्यांचा आराखडा करताना तो हिशेबात धरलेलाच असतो.

मुंबईच्या सागरी बचाव समन्वय केंद्राने आसपासची जहाजे मदतीला वळवली आणि ‘यान्तियन एक्स्प्रेस’ या जहाजाने सर्व २६ जणांना सुखरूप उचलून घेतले. जहाजाचे दोन्ही तुकडे मात्र बरेच दिवस तरंगत राहिले. मागचा तुकडा २७ जूनला सुमारे ४,००० मीटर खोल पाण्यात बुडाला. पुढचा तुकडा ओढून नेण्याचे काम चालू होते. मध्येच दोर तुटला, ६ जुलैला त्यावर आग लागली, भारतीय तटरक्षक दलाचे ‘समुद्र प्रहरी’ हे जहाज आग विझवण्यासाठी तेथे पोहोचले, पण ११ जुलैला तो तुकडाही सुमारे ३,००० मीटर खोल पाण्यात गेला. ज्या जागी जहाज मोडले ती जागा हातात घेऊन तपासण्याची शक्यता त्याबरोबर संपली. पुढचा सगळा तपास खलाशांच्या जबाबांवर, मोडतानाच्या छायाचित्रांवर, त्याच आराखड्याच्या इतर जहाजांच्या पाहणीवर आणि गणितावर उभा राहिला.

जहाज जुने नव्हते. ते मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीजच्या नागासाकी येथील गोदीत बांधले गेले आणि २००८ मध्ये ‘एपीएल रशिया’ या नावाने पाण्यात आले. २०१२ मध्ये त्याचे नाव बदलले. रुंदी ४५.६ मीटर, तळापासून डेकपर्यंतची उंची २५ मीटर, वीस फुटी कंटेनरच्या मापात क्षमता ८,११०. वर्गीकरण, म्हणजे जहाज बांधणीच्या नियमांत बसते हे तपासून दाखला देण्याचे काम, जपानच्या क्लासएनके या संस्थेचे होते आणि सर्व प्रमाणपत्रे जागच्या जागी होती. योगायोग असा की अपघाताच्या तीनच दिवस आधी, १४ जूनला, दक्षिण कोरियातील ओक्पो येथे ‘मर्स्क मॅक-किनी मोलर’ या ३९९ मीटर लांब, ५९ मीटर रुंद आणि १८,००० हून अधिक कंटेनर नेणाऱ्या जहाजाचा नामकरण समारंभ झाला होता. त्या मालिकेतील पुढची जहाजे गोद्यांमध्ये बांधली जात होती. निम्म्याहून कमी क्षमतेचे, पाच वर्षांचे आणि नियमांत बसणारे जहाज मोडले, ही बातमी त्यामुळे जगभरच्या आराखडा कार्यालयांमध्ये फार गांभीर्याने घेतली गेली.

उघड्या डेकचे जहाज

या प्रकरणाचा गाभा समजण्यासाठी कंटेनर जहाजाची रचना इतर जहाजांपेक्षा कशी वेगळी असते ते पाहावे लागते. तेलवाहू जहाजाचा डेक बंद असतो; त्यामुळे त्याचा सांगाडा चारही बाजूंनी बंद असलेल्या पेटीसारखे काम करतो. कंटेनर मात्र क्रेनने सरळ वरून होल्डमध्ये, म्हणजे माल ठेवण्याच्या कप्प्यात, उतरवायचे असल्यामुळे हॅचची, म्हणजे या कप्प्यांची, तोंडे जहाजाच्या जवळजवळ पूर्ण रुंदीची ठेवावी लागतात. डेक म्हणून जे उरते ते दोन्ही कडांना लागून असलेले अरुंद पट्टे आणि त्यांच्यावर उभी असलेली हॅच कोमिंगची जाड भिंत. संपूर्ण जहाजाकडे एक लांबलचक तुळई म्हणून पाहिले, तर या तुळईचा वरचा भाग एवढ्याशा लोखंडात मावतो.

ही तुळई नेहमी एकाच दिशेने वाकलेली असते. वेगासाठी कंटेनर जहाजाची पुढची आणि मागची टोके निमुळती ठेवलेली असतात. तेथे पाण्याचा आधार कमी मिळतो, पण डेकवर कंटेनर मात्र टोकापर्यंत रचलेले असतात. मध्यभागी याच्या उलट स्थिती असते. परिणामी, शांत पाण्यात उभे असतानाही टोके खाली वाकलेली आणि मधला भाग वर उचललेला अशी जहाजाची अवस्था असते. जहाजबांधणीत तिला हॉगिंग म्हणतात. लाटेचा माथा जहाजाच्या मध्यावर आला की हेच वाकणे आणखी वाढते. वाकण्याच्या या प्रकारात डेक ताणला जातो आणि तळ दाबला जातो. तेलाचे जहाज भरलेले असताना बहुतेक वेळा उलट, म्हणजे मध्यभाग खाली, असे वाकते आणि रिकामे झाल्यावर दिशा बदलते. कंटेनर जहाजाच्या तळाला अशी उसंत सहसा मिळत नाही.

जहाजे मोठी होत गेली तशी आराखडाकारांची मुख्य चिंता डेकची होती, आणि ती रास्तही होती. अरुंद पट्ट्यावर प्रचंड ताण येतो, म्हणून प्लेट जाड करावी लागते. प्लेट ५० मिलिमीटरच्या पुढे गेली की तिचे वेल्डिंग अवघड होते आणि एखादी बारीक चीर ठिसूळपणे, क्षणार्धात, संपूर्ण रुंदीभर धावण्याचा धोका वाढतो. यावर उपाय म्हणून जपानमध्ये अधिक ताकदीचे पोलाद तयार झाले. जहाजबांधणीच्या साध्या पोलादाची ताणमर्यादा, म्हणजे ज्या ताणापुढे ते कायमचे वाकते तो ताण, प्रति चौरस मिलिमीटर २३५ न्यूटन असते, उच्चताण प्रकारात ती ३९० पर्यंत जाते आणि या नव्या प्रकारात ४६०. एमओएल कम्फर्ट ज्या मालिकेतील होते त्या मालिकेत हे पोलाद हॅच कोमिंगसाठी प्रथमच वापरले गेले होते.

साहजिकच, जहाज मोडल्यावर पहिला संशय वरच्या या नव्या, जाड आणि ताणलेल्या पोलादावर जाण्यासारखा होता. मोड मात्र तेथून सुरू झालेली नव्हती.

तळाच्या बाजूने आलेली मोड

जपान सरकारने नेमलेल्या समितीचा अंतरिम अहवाल डिसेंबर २०१३ मध्ये आला. पाणी शिरल्याच्या इशाऱ्यांचा क्रम आणि खलाशांनी पाहिलेले यांवरून समितीने निष्कर्ष काढला की भेग जहाजाच्या मध्यभागी, सहाव्या क्रमांकाच्या होल्डखालील तळाच्या प्लेटमध्ये सुरू झाली आणि तेथून बाजूंनी वर चढत डेकपर्यंत पोहोचली. दाबाखाली असलेली प्लेट तुटते कशी, हा येथे विचारण्यासारखा प्रश्न आहे. शाळेतील प्लास्टिकची पट्टी दोन्ही टोकांनी दाबली, तर चिरडण्याच्या कितीतरी आधी ती बाजूला फुगते. लोखंडी प्लेटचेही तसेच होते आणि त्याला बकलिंग म्हणतात. एकदा प्लेट फुगली की ती आपल्या वाट्याचा भार घेईनाशी होते, तो भार शेजारच्या प्लेटवर जातो, मग तीही फुगते, आणि हे लोण पसरत गेले तर शेवटी सगळा तळ दुमडून फाटतो.

येथे अधिक ताकदीच्या पोलादाचा उपयोगही मर्यादित असतो. पोलादाची ताणमर्यादा वाढली तरी त्याचा ताठरपणा, म्हणजे स्थितिस्थापकतेचा गुणांक, तोच राहतो. बकलिंगला होणारा विरोध प्लेटच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. जाडी दहा टक्क्यांनी कमी केली तर हा विरोध जवळपास एकोणीस टक्क्यांनी घटतो. पोलाद ताकदीचे आहे म्हणून तळाची प्लेट पातळ करायची मुभा मिळते, पण तीच मुभा बकलिंगच्या बाजूने महाग पडते. आराखडाकारांना हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. बकलिंगची तपासणी नियमात होती आणि हे जहाज त्या तपासणीत उत्तीर्णही झाले होते.

मग कमी कोठे पडले, याचे उत्तर दुहेरी तळात आहे. मोठ्या जहाजाला बाहेरचा तळ आणि त्याच्या दोनेक मीटर वर आतला तळ असे दोन थर असतात आणि त्यांच्यामध्ये उभ्या-आडव्या गर्डरांची जाळी असते. ही रचना दोन वेगवेगळी कामे एकाच वेळी करते. पहिले काम, जहाजरूपी तुळईचा खालचा भाग म्हणून लांबीच्या दिशेने दाब सोसण्याचे. दुसरे काम, खालून वर ढकलणाऱ्या समुद्राच्या पाण्याला अडवण्याचे. जहाज १४ मीटर पाण्यात बसलेले असेल तर तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर १४ टनांहून अधिक भार खालून वर येतो. होल्डमध्ये जड कंटेनर असतील तर त्यांचे वजन यातला बराच भाग खोडून काढते. पण कंटेनर हलके असतील किंवा एखादी ओळ रिकामीच असेल, तर दोन बल्कहेडांच्या, म्हणजे होल्ड वेगळे करणाऱ्या आडव्या भिंतींच्या, मधला दुहेरी तळ वरच्या दिशेने फुगल्यासारखा वाकतो. असा वर वाकताना आतला तळ ताणला जातो आणि बाहेरची प्लेट आणखी दाबली जाते. हा दाब लांबीच्या दिशेने तर येतोच, पण जहाज ४५ मीटर रुंद असल्यामुळे आडव्या दिशेनेही येतो, आणि तो सर्वाधिक असतो जहाजाच्या मध्यरेषेजवळ.

म्हणजे तळाच्या त्याच एका प्लेटवर हॉगिंगचा दाब, पाण्याने वाकवलेल्या दुहेरी तळाचा लांबीच्या दिशेचा दाब, त्याचाच आडवा दाब आणि थेट प्लेटवर बसणारा पाण्याचा रेटा हे सर्व एकत्र येतात. त्या काळच्या नियमांत संपूर्ण तुळईचा हिशेब एका कागदावर होत असे आणि दुहेरी तळाचा स्थानिक हिशेब दुसऱ्या कागदावर. दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर होते. या दोघांची बेरीज करून जहाजाची अंतिम ताकद, म्हणजे मोडण्यापूर्वी ते पेलू शकेल असा कमाल भार, किती उरते, हे तपासण्याची सक्ती वर्गीकरण संस्थांनी मिळून ठरवलेल्या, तुळईच्या ताकदीच्या समान नियमात नव्हती. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातील निर्णायक बाब हीच आहे. लाटा, वजने आणि वेग यांवर बरीच चर्चा झाली, पण ती सगळी या उणिवेच्या नंतर येते.

वीस मिलिमीटर

त्याच आराखड्याच्या जहाजांची पाहणी झाली तेव्हा जे सापडले ते दिसायला अगदी किरकोळ होते. काही जहाजांच्या तळाच्या बाहेरील प्लेटवर, मध्यरेषेजवळ, दोन स्टिफनरांच्या, म्हणजे प्लेटला ताठ ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या, मधल्या चौकोनांमध्ये सुमारे २० मिलिमीटर उंचीचे फुगवटे होते. गोदीत उभ्या असलेल्या जहाजाखाली वाकून फिरणाऱ्या माणसाला, रंगाच्या थरांखाली, ते सहज नजरेआड होतील असे आहेत. पंचेचाळीस मीटर रुंदीच्या तळावर दोन सेंटीमीटरचा उंचवटा म्हणजे काय!

पण हा आकडा मोजायचा तो जहाजाच्या रुंदीशी नव्हे, तर बांधणीच्या मानकाशी. प्लेटला स्टिफनर वेल्ड करताना उष्णतेने प्लेट थोडी वाकतेच. आंतरराष्ट्रीय वर्गीकरण संस्थांच्या संघटनेच्या, म्हणजे आयएसीएसच्या, बांधणी मानकात जहाजाच्या समांतर मध्यभागातील बाहेरच्या प्लेटसाठी दोन स्टिफनरांमधील हे वाकणे सामान्यतः ४ मिलिमीटर आणि कमाल ८ मिलिमीटर धरले आहे. त्यापुढची २० मिलिमीटरपर्यंतची वाढ बांधणीतील चूक म्हणून समजावून सांगता येत नाही. प्लेट समुद्रात कधीतरी तिच्या मर्यादेपलीकडे दाबली गेली होती, थोडी कायमची वाकली होती आणि जहाज पुढे चालत राहिले होते, असाच त्याचा अर्थ लागतो. त्या जहाजांचा सांगाडा नंतर मजबूत करून घेण्यात आला.

क्लासएनकेने २०१४ मध्ये आपला तपास पूर्ण केला आणि जपानी समितीचा अंतिम अहवाल मार्च २०१५ मध्ये आला. तुळईच्या अंतिम ताकदीचे गणित दुहेरी तळावरील पाण्याचा दाब धरून केले असता ती ताकद लक्षणीय कमी येते, हे त्यांत स्पष्ट झाले. अपघाताच्या वेळच्या भाराचे अंदाज आणि जहाजाची ताकद यांमधील अंतर, पोलादाच्या गुणधर्मांतील आणि समुद्रस्थितीच्या अंदाजातील चढउतार लक्षात घेतले तर, नाहीसे होऊ शकते, इतपत निष्कर्ष काढण्यात आला. याहून ठाम विधान करण्यासाठी चार किलोमीटर खोल गेलेला पुरावा लागला असता.

भाराच्या बाजूचे दोन मुद्दे

ताकदीच्या बाजूचा विचार झाला. भाराच्या बाजूला दोन गोष्टी होत्या. पहिली व्हिपिंग. डेकवर अधिक कंटेनर मावावेत म्हणून या जहाजांचा पुढचा भाग वरच्या बाजूला खूप पसरट केलेला असतो. तो लाटेवर आदळला की सबंध जहाज लांबीभर थरथरते आणि लाटेमुळे होणाऱ्या वाकण्यात या कंपनाची भर पडते. जहाज जितके लांब आणि लवचिक, तितकी ही भर मोठी. दुसरी गोष्ट कंटेनरांच्या वजनांची. जहाजाच्या संगणकात जे वजन भरले जाते ते माल पाठवणाऱ्याने सांगितलेले असते, आणि ते नेहमी खरे नसते.

यापैकी काही गोष्टी आधीच्या एका अपघातात दिसल्या होत्या. १८ जानेवारी २००७ रोजी इंग्लिश खाडीत ‘एमएससी नापोली’ या ४,४१९ क्षमतेच्या जहाजाचा सांगाडा इंजिनरूमच्या भागात मोडला. तेथेही हॉगिंग, तेथेही बकलिंग. त्या जहाजावरील डेकचे सुमारे ६६० कोरडे राहिलेले कंटेनर नंतर प्रत्यक्ष तोलले गेले, तेव्हा त्यांपैकी १३७ कंटेनरांचे वजन सांगितलेल्या वजनापेक्षा तीन टनांहून अधिक फरकाचे निघाले. ब्रिटिश तपासात हेही पुढे आले की तेव्हाच्या समान नियमात बकलिंगची तपासणी जहाजाच्या मधल्या चाळीस टक्के लांबीपुरतीच सक्तीची होती, आणि नापोली त्याबाहेर मोडले. सहा वर्षांनी कम्फर्ट मोडले ते मात्र नेमके त्या चाळीस टक्क्यांच्या आत. कंटेनरचे वजन प्रमाणित करूनच तो जहाजावर चढवण्याचा आंतरराष्ट्रीय नियम १ जुलै २०१६ पासून लागू झाला.

१.१५ हा गुणक

त्याच तारखेपासून, म्हणजे १ जुलै २०१६ पासून करार होणाऱ्या नव्या कंटेनर जहाजांसाठी आयएसीएसचे दोन नियम लागू झाले: लांबीच्या दिशेच्या ताकदीचा ‘एस ११ ए’ आणि संगणकीय तपासणीसाठी कोणत्या भारस्थिती घ्यायच्या हे ठरवणारा ‘एस ३४’. मुंबईत मुख्यालय असलेली इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग ही संस्था आयएसीएसची सदस्य असल्यामुळे हे नियम तिच्या जहाजांनाही लागू होतात.

एस ११ ए मध्ये तुळईची अंतिम ताकद तपासताना एक गुणक घातला आहे, दुहेरी तळाच्या वाकण्याचा. हॉगिंगसाठी तो १.१५ आहे आणि उलट वाकण्यासाठी १.०, म्हणजे काहीच नाही. सहाव्या होल्डखाली जे घडले ते या एका आकड्यात उतरले आहे: समुद्र तळाला वर ढकलत आहे म्हणून जहाजाची हॉगिंगमधील ताकद हिशेबात त्या प्रमाणात कमी समजा. ज्या भागात दुहेरी तळाची रचना वेगळी असते, उदाहरणार्थ इंजिनरूम, तेथे तो कमी करण्याची मुभा आहे. रुंदी ३२.२६ मीटरहून अधिक असेल तर व्हिपिंगचाही विचार करणे बंधनकारक केले आहे. एस ३४ मध्ये कंटेनरची एक ओळ रिकामी, जहाज पूर्ण बसलेले आणि हॉगिंग कमाल, ही भारस्थिती नाव घेऊन नोंदवली आहे. शिवाय २९० मीटर किंवा त्याहून लांब जहाजांसाठी संपूर्ण जहाजाचे संगणकीय प्रतिमान मागितले आहे. जाड प्लेटच्या ठिसूळ भेगांसाठीचा ‘एस ३३’ हा नियम त्याआधीच, २०१४ पासून, आला होता.

एक सरसकट गुणक हा ढोबळ उपाय आहे, यात शंका नाही. होल्डची लांबी, तळाची उंची, गर्डरांमधील अंतर या सगळ्यांवर खरा परिणाम अवलंबून असतो आणि तो जहाजागणिक बदलतो. पण आराखडा कार्यालयात सुरुवातीच्या टप्प्यावर, जेव्हा प्लेटच्या जाड्या ठरवून पोलादाची मागणी नोंदवायची असते, तेव्हा सविस्तर प्रतिमान तयार नसते. तेथे असा ढोबळ आकडाच तळाची जाडी वाढवून घेतो.

आज बांधल्या जाणाऱ्या जहाजांच्या बाबतीत हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा झाला आहे, कारण वाढ आता रुंदीत होत आहे. २००६ मधील ‘एमा मर्स्क’ ३९७ मीटर लांब आणि ५६ मीटर रुंद होते. २०२३ मध्ये चीनमध्ये बांधून झालेले ‘एमएससी इरिना’ २४,३४६ कंटेनरांचे, म्हणजे एमओएल कम्फर्टच्या तिप्पट क्षमतेचे आहे. त्याची लांबी ३९९.९ मीटर, पण रुंदी ६१.३ मीटर. जून २०२५ मध्ये ते केरळातील विळिंजम बंदराला लागले होते. बंदरांच्या आणि गोद्यांच्या मर्यादेमुळे लांबी चारशे मीटरला अडली, आणि प्रत्येक नवी ओळ आडवी वाढली. दोन्ही बाजूंच्या भिंतींमधील अंतर वाढले की दुहेरी तळाचा आडवा पल्ला वाढतो, आणि मध्यरेषेजवळच्या त्या प्लेटवरचा आडवा दाबही.

या महाकाय जहाजांत चालकदलाची इमारत पुढे आणि इंजिन-धुरांडे मागे अशी विभागलेली रचना दिसते. ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षातून, समोरचा समुद्र नियमाप्रमाणे दिसावा आणि तरीही ब्रिजमागे कंटेनर उंच रचता यावेत, हा तिचा मुख्य हेतू. उघड्या डेकच्या जहाजाला पीळ पडण्याची भीती असते. दोन ठिकाणी बंद पेट्या आल्याने तिलाही थोडा आवर बसतो. कम्फर्टची रचना एकाच इमारतीची होती. या बदलाने तळाच्या दाबाचा प्रश्न मात्र सुटत नाही. तो प्लेटची जाडी, स्टिफनरांमधील अंतर आणि आडव्या फ्लोअरांची, म्हणजे दुहेरी तळातील आडव्या उभ्या प्लेटांची, संख्या यांनीच सोडवावा लागतो.

हे नियम जहाजाच्या कराराच्या तारखेनुसार लागू होतात, पूर्वलक्षी प्रभावाने नव्हे. ओक्पोमध्ये त्या जूनमध्ये नाव मिळालेले जहाज आणि १ जुलै २०१६ पूर्वी करार झालेली त्याच्या आकाराची इतर जहाजे त्यांच्या वर्गीकरण संस्थांनी स्वतःच्या पद्धतीने केलेल्या गणितांवर बांधली गेली आहेत. अशा जहाजाचे आयुष्य साधारण पंचवीस वर्षांचे धरले जाते. म्हणजे पुढील दशकभरातील मोसमी हंगामांत अरबी समुद्रातून जाणाऱ्या मोठ्या कंटेनर जहाजांपैकी बरीच जहाजे १.१५ च्या आधीची असतील, आणि गोदीत आल्यावर त्यांच्या तळाच्या मध्यरेषेजवळचे चौकोन मोजपट्टी लावून पाहणे हे सर्वेक्षकाचे काम राहील.